प्रयोग संपल्यावर सुरू होणारं काम: डिजिटल माध्यम आणि परफॉर्मन्सचं प्राध्यापकपद

चित्रकार मुलाखतीला जाताना चित्रं घेऊन जातो. परफॉर्मन्स करणाऱ्याचं, म्हणजे कॅमेरा, प्रोजेक्टर, सेन्सर यांच्या साथीने प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष शरीराने सादर करणाऱ्याचं काम मात्र दिवे मालवले की संपतं, आणि निवड समिती नेमका त्याच कामाचा पुरावा मागते. या विषयात नोकरी मिळणं, ती टिकणं आणि पुढची श्रेणी मिळणं या तिन्ही गोष्टी शेवटी नोंदीवर येऊन थांबतात. उत्तम काम केलेली माणसं कागद नाहीत म्हणून मागे राहतात, हे या क्षेत्रातलं खरं नुकसान आहे. म्हणून इथे पात्रतेचं थोडक्यात सांगून नोंद, डेमो लेक्चर आणि वर्गाची मांडणी यांच्याकडे जास्त लक्ष दिलं आहे.

पात्रता आणि पहिली नोकरी

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकासाठी संबंधित विषयात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सेट राज्यापुरती चालते. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेटच्या यादीत ‘डिजिटल माध्यम’ असा वेगळा विषय नाही. चित्रकला किंवा उपयोजित कला केलेल्यांनी ‘व्हिज्युअल आर्ट’, नाट्यशास्त्रवाल्यांनी ‘परफॉर्मिंग आर्ट’ आणि माध्यमशास्त्रवाल्यांनी ‘मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम’ घ्यावा. सोपा वाटतो म्हणून एमएच्या विषयाहून वेगळा विषय घेऊ नका. नेट निघते, पण छाननीत ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवर अर्ज अडकतो. परीक्षेत पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा असतो. दोन्ही मिळून ३ तास मिळतात. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

नाट्य विषयात एक वेगळं दारही आहे. नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा किंवा तशाच मान्य संस्थेची प्रथम श्रेणीतली पदवी अथवा पदविका आणि ५ वर्षांचे नियमित, नावाजलेले प्रयोग असतील तर कलावंत म्हणून अर्ज करता येतो. त्या कलमात प्रयोगांच्या पुढे ‘पुराव्यासह’ असं स्पष्ट लिहिलं आहे. २०२५च्या जानेवारीत नव्या नियमांचा मसुदा आला होता, त्यामुळे जाहिरातीत कोणत्या वर्षाच्या नियमावलीचा उल्लेख आहे ते शब्दशः वाचूनच अर्ज भरा.

ठाणे आणि नवी मुंबईत ‘डिजिटल माध्यम आणि परफॉर्मन्स’ अशा नावाची जागा निघण्याची वाट पाहत बसू नका. हा विषय इथे दुसऱ्या नावांखाली शिकवला जातो: बीएएमएमसीचे (मल्टिमीडिया आणि मास कम्युनिकेशन पदवीचे) विभाग, उपयोजित कला, ॲनिमेशन, डिझाइन संस्था (खारघरला निफ्ट आहेच), आर्किटेक्चर कॉलेजांमधले ऐच्छिक विषय. सुरुवात बहुतेकदा तासिका तत्त्वावर होते. दोन-तीन कॉलेजं धरायची असतील तर ती ट्रान्स-हार्बरच्या एकाच पट्ट्यात धरा. ठाणे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी असा सरळ प्रवास जमतो. ट्रायपॉड आणि प्रोजेक्टर घेऊन सकाळी गर्दीच्या लोकलमध्ये चढणं मात्र रोज जमत नाही. म्हणून नेमणूक घेतानाच सामान ठेवायला कुलपाचं कपाट मागून घ्या.

नेमणुकीचं पत्र हातात पडण्याआधी चार गोष्टी विचारा. आठवड्याला तास किती, पेपर काढण्याचे आणि तपासण्याचे पैसे वेगळे मिळणार का, प्रात्यक्षिकाचा तास पूर्ण धरला जातो की अर्धा, आणि जागेला विद्यापीठाचं ॲप्रूव्हल आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पुढे अनुभवाचे गुण मोजताना पहिला वाद त्यावरच होतो.

नोंद: प्रत्येक प्रयोगामागे एक फाइल

प्रयोग छोटा असो, कॉलेजच्या व्हरांड्यातला असो, तयारी तीच ठेवा. दोन कॅमेरे हवेत. एक ट्रायपॉडवर, सगळी जागा दिसेल असा, पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत न हलवता. दुसरा हातात: चेहरा, बोटं, यंत्राचा पडदा, प्रेक्षक. पहिल्या कॅमेऱ्याचं चित्रण कंटाळवाणं दिसतं, पण अभ्यासकाला तेच लागतं, कारण त्यात वेळ खरी असते.

सेटिंग हाताने करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. मोबाइल किंवा कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर राहिला तर चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात आणि नंतर ते काढणं फार अवघड जातं. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड आपोआप कमी-जास्त करणं, बंद करा. प्रोजेक्शन अंधाराकडून पांढऱ्याकडे गेलं की ऑटोवरचा कॅमेरा गडबडतो आणि कलाकार क्षणभर काळा ठिक्कर पडतो. व्हाइट बॅलन्सही (पांढरा रंग पांढरा दिसण्याची सेटिंग) एकदा ठरवून कुलूपबंद करा. एक्स्पोजर प्रोजेक्शनच्या सर्वांत उजळ भागावर बांधा आणि कलाकारासाठी बाजूने एक लहान दिवा द्या, पडद्यावर सांडणार नाही असा. हा दिवा रंगीत तालमीतच लावून पाहावा लागतो. प्रयोगाच्या दिवशी दिग्दर्शक त्याला हमखास नाही म्हणतो.

आवाज कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडू नका. वेगळा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. मिक्सरची लाइन आणि खोलीतला माइक असे दोन्ही घ्या. लाइनमध्ये प्रेक्षकांचा श्वास, खुर्च्या, हशा येत नाही आणि परफॉर्मन्समध्ये तोही आशयाचा भाग असतो. सुरुवातीला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक टाळी वाजवा, जुळणी सोपी होते. काही कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. प्रयोग त्याहून मोठा असेल तर कुठे बंद करून पुन्हा चालू करायचं ते संहितेत आधीच खूण करून ठेवा.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. २५ एमबीपीएसने तासाला साधारण ११ जीबी, १०० एमबीपीएसने ४५ जीबी लागतात. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते तापवून वाळवून घ्या.

चित्रण झालं की त्याच आठवड्यात कागद करा, कारण महिन्याभरात निम्मं विसरायला होतं. प्रत्येक कामाचं एक पान: नाव, तारीख, जागा, कालावधी, कोणी काय केलं, कोणती यंत्रं, कोणतं सॉफ्टवेअर आणि त्याची कोणती आवृत्ती, प्रेक्षक कुठे बसले किंवा उभे होते, आणि कृतीचा क्रम. हा क्रम असा लिहा की तुम्हाला न ओळखणारा माणूस तो वाचून प्रयोग पुन्हा उभा करू शकेल. सोबत आयोजकांचं लेटरहेडवरचं, तारीख आणि सही-शिक्क्याचं पत्र, निमंत्रणपत्रिका, तिकीट, बातमीचं कात्रण. पत्र प्रयोगाच्या दिवशीच मागून घ्या. आयोजक मंडळातली माणसं बदलतात आणि दोन वर्षांनी सही करायला कुणी सापडत नाही.

सहकलाकारांची लेखी परवानगीही त्याच फाइलमध्ये लागते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षांचा आहे. तुम्ही दिग्दर्शन केलं म्हणून त्यांचं चित्रण परस्पर वापरता येत नाही. विद्यार्थी असतील तर हे दुप्पट जपा, कारण शिक्षकाला नाही म्हणणं त्यांना जड जातं.

मुलाखतीसाठी प्रत्येक कामाचा ३ मिनिटांचा तुकडा काढा. पहिल्या ५ सेकंदांत कृती दिसली पाहिजे. नावाची सरकती पाटी आणि पार्श्वसंगीत टाळा. फाइल एमपी-४, १०८० रेषांची, पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे ठेवा. कुणी विचारलंच तर अखंड चित्रणही जवळ असू द्या.

डेमो लेक्चर

साधारण १० ते १५ मिनिटं मिळतात. बहुतेक उमेदवार त्या वेळात ‘न्यू मीडियाचा इतिहास’ घेतात आणि तो १९६०च्या दशकातच संपतो. एकच संकल्पना घ्या आणि ती समितीच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवा. आमची शिफारस लॅगची, म्हणजे हालचाल आणि पडद्यावरचं चित्र यांतल्या उशिराची आहे, कारण त्यात यंत्र आणि शरीर दोन्ही येतात.

लॅपटॉपचा वेबकॅम चालू करा आणि हात हलला की पडद्यावर रेघ उमटेल असा पी-५ जेएस या चित्रांसाठीच्या कोडिंग साधनातला छोटा स्केच (प्रोग्राम) चालवा. समितीतल्या एकाला हात वर करायला सांगा. रेघ किंचित उशिरा येईल. मग विचारा, हा उशीर कुठे साठला? कॅमेरा ३० फ्रेमचा असेल तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. प्रक्रियेला एक-दोन फ्रेम. प्रोजेक्टरचे स्वतःचे काही. बेरीज १०० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की नर्तकाला आपण कशाच्या तरी मागे लागलो आहोत असं वाटू लागतं. आता खोलीतला दिवा बंद करा. उशीर वाढलेला सगळ्यांना दिसेल, कारण अंधारात वेबकॅम एक्स्पोजर लांबवतो आणि फ्रेम १५वर येतात. दिवा लावा, लॅग कमी होईल. संगणक महाग असण्याचा इथे काही संबंध नाही, प्रकाशाचा आहे. शेवटची ३ मिनिटं हा उशीरच नृत्यरचनेत कसा वापरता येईल यासाठी ठेवा. तंत्रातून कलेकडे येण्याचा हा क्षण समितीला हवा असतो.

सोबत काय न्यायचं: एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲडाप्टर, स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड, छोटा स्पीकर, इंटरनेटशिवाय चालणारी स्केचची प्रत. कॉलेजच्या सभागृहात आवाज न येणं आणि वायफाय न लागणं या दोन गोष्टी इतक्या नेहमीच्या आहेत की त्या घडणारच असं धरून चला.

प्रश्नोत्तरांत भारतीय संदर्भ विचारले जातात आणि ते आपल्या शेजारचेच आहेत. अकबर पदमसी यांनी १९६९मध्ये मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे एकत्र काम करत. नलिनी मालानींचे सुरुवातीचे कॅमेऱ्याचे प्रयोग त्याच कार्यशाळेतले. रुम्माना हुसेन यांनी नव्वदच्या दशकात स्वतःच्या शरीराला माध्यम केलं. शिल्पा गुप्तांच्या काही मांडणशिल्पांत प्रेक्षकाची हालचालच काम पूर्ण करते. ही साखळी सांगता आली तर विषय परदेशातून उचललेला वाटत नाही, कारण तो तसा नाहीच.

खोली मांडणं

नेमणूक झाली की ‘लॅब’ म्हणून बहुधा एक साधा वर्ग मिळतो. पहिला खर्च खिडक्यांच्या काळ्या पडद्यांवर करा, प्रोजेक्टरवर नंतर. ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर अंधारात पुरतो. उघड्या खिडकीसमोर ६,००० ल्युमेनचाही फिका पडतो.

प्रोजेक्टरचं अंतर काढायचं गणित मुलांकडून करून घ्या. थ्रो रेशो (प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात दिलेला आकडा) गुणिले चित्राची रुंदी. रेशो १.५ आणि चित्र ३ मीटर रुंद हवं तर ४.५ मीटर मागे जावं लागतं. रेशो ०.५चा शॉर्ट थ्रो असेल तर दीड मीटर पुरतं आणि कलाकाराची सावलीही पडद्यावर कमी पडते. साध्या एचडीएमआय केबलवर १० मीटरनंतर भरवसा ठेवू नका, ऑप्टिकल घ्या. यूएसबी-२ची मर्यादा ५ मीटर आहे. सेन्सर मंचाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर संगणकच त्याच्याजवळ न्या.

कॅमेरा प्रोजेक्शनकडे पाहू लागला की स्वतःच्याच चित्राला प्रतिसाद देतो आणि पडदा आपोआप थरथरू लागतो. उपाय इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा. ८५० नॅनोमीटरचा दिवा, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेला कॅमेरा आणि त्यावर फक्त इन्फ्रारेड जाऊ देणारा फिल्टर. प्रोजेक्टरच्या प्रकाशात इन्फ्रारेड फारसं नसल्याने कॅमेऱ्याला फक्त माणूस दिसतो. नाट्यगृहात मात्र हॅलोजन लागले की ही युक्ती कोसळते, कारण हॅलोजनमध्ये आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. गडकरी रंगायतन किंवा विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या ठिकाणी प्रयोग ठरला तर आधी जाऊन दिव्यांची यादी घ्या.

एलईडी पट्ट्या मुलांच्या फार आवडीच्या आणि तिथेच सर्वाधिक सामान जळतं. डब्ल्यूएस-२८१२बी जातीचा एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलिॲम्पियर घेतो. मीटरला ६० एलईडी, पट्टी ५ मीटर, म्हणजे १८ ॲम्पियर आणि ५ व्होल्टवर ९० वॅट. हे आर्डुइनोच्या (सेन्सर आणि दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) ५ व्होल्टच्या पिनेतून घेतलं तर बोर्ड बंद पडतो किंवा जळतो. लांब पट्टीला एकाच टोकाने वीज दिली की शेवटी पांढरा रंग पिवळट-लाल दिसू लागतो. ते व्होल्टेज पडल्याचं लक्षण. वेगळा पॉवर सप्लाय घ्या, पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्या, आर्डुइनो आणि सप्लायचे ग्राउंड एकत्र जोडा, डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायवर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

स्पीकरमधून सतत घुंsss असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत का ते पाहा. दोन्ही एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिला तर मध्ये डीआय बॉक्स (दोन्हींचं विजेचं नातं तोडून आवाज पुढे देणारी डबी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून आवाज घालवणारे लोक भेटतील. वर्गात हे कधीही होऊ देऊ नका. पाणी वापरणाऱ्या प्रत्येक प्रयोगात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. लुकलुकणारा प्रकाश सेकंदाला ३ ते ३० वेळांच्या पट्ट्यात असेल तर अपस्माराचा धोका असतो, दारावर ठळक सूचना लावा.

सत्र कसं बांधायचं

२० विद्यार्थी आणि १५ आठवडे धरा. पाच गट, यंत्रांचे पाच संच. पहिले तीन आठवडे यंत्राला हात लावू देऊ नका: चालणं, थांबणं, एक वस्तू २० मिनिटं हाताळणं, आणि ते लिहून काढणं. मुलं कुरकुर करतात, विभागप्रमुख विचारतात, तरी ठाम राहा. सॉफ्टवेअरपासून सुरुवात केलेल्या वर्गात शेवटी सगळी कामं एकसारखी दिसतात. कण उडतात, रेघा वळवळतात आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाला करायला काही उरत नाही. पुढचे तीन आठवडे फक्त कॅमेरा, मग सेन्सर, दहाव्यापासून स्वतःचं काम. टचडिझायनर या थेट चित्रं घडवणाऱ्या सॉफ्टवेअरची बिनपैशाची आवृत्ती १२८० बाय १२८० पिक्सेलपर्यंतच चित्र देते. वर्गाला ती पुरते, पण मोठ्या पडद्याचं स्वप्न पाहणाऱ्या गटाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. तेराव्या आठवड्यात तांत्रिक तालीम, चौदाव्यात प्रयोग, पंधराव्यात तोंडी परीक्षा. तांत्रिक तालीम आणि प्रयोग एकाच दिवशी ठेवले की पहिली रद्द होते आणि दुसरा फसतो.

गुण देताना निदान एक तृतीयांश गुण वहीला, म्हणजे काम करताना विद्यार्थ्याने लिहिलेल्या नोंदींना द्या. बिघडलेल्या प्रयोगामागे उत्तम विचार असू शकतो आणि तो वहीतच दिसतो.

ठाण्याच्या तलावपाळीसारख्या उघड्या जागी करायचं तर महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी महिनाभर आधी मागा. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. जाहीर प्रयोगाला संहिता असेल तर ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. जूनमधल्या तारखा घेऊच नका.

पुढच्या श्रेणी

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून, लेव्हल १०वर सुरू होतं. लेव्हल ११ला पीएचडी असेल तर ४ वर्षांत, नसेल तर ६ वर्षांत जाता येतं. म्हणून पीएचडी लवकर लावा आणि विषय स्वतःच्या कामाजवळचा घ्या, म्हणजे एकाच फाइलवर पीएचडी आणि बढती दोन्ही चालतात.

दर एप्रिलमध्ये, परीक्षा संपल्या की, वर्षभराची पत्रं स्कॅन करून तारखेच्या क्रमाने लावा आणि जुन्या डिस्क एकदा जोडून पाहा. पाच वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या आवृत्तीत उघडेलच असं नाही. उघडतोय तोवर त्याचा व्हिडिओ काढा, कोडची साध्या मजकुराची प्रत ठेवा, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटचं तपासलं’ म्हणून तारीख घाला.